कातळावरची शिंकी

समुद्राच्या अगदी कडेला एक उंच काळा कातळ होता, आणि त्या कातळावर सडेवाडी नावाचं गाव वसलेलं होतं. ही फार जुन्या काळची गोष्ट. गावात पन्नास घरं होती, पण झाड म्हणाल तर एकही नव्हतं. जमिनीवर कुदळ मारली की ठिणगी उडायची, तिथे खड्डा कुठे खणणार? वर्षाचे आठ महिने खारा वारा सुटलेला असायचा. उरलेले चार महिने पाऊस असा कोसळायचा की कुठे मूठभर माती साचली असली तरी ती वाहून समुद्रात जायची.

गावचे लोक काथ्याचा धंदा करायचे. दोर वळायचे, जाळी विणायचे, घरात दुधा-दह्याची भांडी टांगायला लागतात ती शिंकी करायचे. कड्याच्या टोकावर एक मोठा दिवा होता. दिवेलागणीला तो लावायचं काम गावाकडेच होतं. त्या दिव्याकडे बघून गलबतं खडक चुकवायची आणि खाडीत शिरायची.

कातळाच्या पायथ्याला, खाडीच्या काठी, आगर नावाचं हिरवंगार गाव होतं. तिथे रावजी माळी राहायचा. त्याच्या बागेतला मोगरा आणि गुलाब थेट राणीच्या वाड्यावर जायचा. पंचक्रोशीत त्याच्यासारखा माळी नव्हता, आणि हे त्याला स्वतःलाही पक्कं ठाऊक होतं. त्याला सगुणा नावाची एकुलती एक मुलगी होती. चालायला लागली तेव्हापासून ती बापाच्या मागे वाफ्यांतून फिरलेली. रोप हातात घेतलं की त्याला काय हवं, काय नको, हे तिला बरोबर कळायचं.

सगुणाचं लग्न ठरलं ते सडेवाडीच्या एका तरुण तांडेलाशी. मुलगा गलबतावर असायचा, स्वभावाने चांगला होता. तरी रावजीचं मन कचरत होतं.

"पोरी, खडकावर काय करशील तू?" त्याने विचारलं.

"बाग करीन," सगुणा म्हणाली.

लग्नात रावजीने लेकीला दागिन्यांबरोबर गुलाबाची बारा आणि मोगऱ्याची बारा रोपं दिली. बैलगाडीतून ती घाट चढून वर आली.

सासरी घरात सासरे होते, धाकूबाबा. उंच, वाळलेले, बोलणं अगदी कमी. दिवसभर पडवीत बसून काथ्या वळत राहायचे. सगुणाने त्यांना विचारलं, "मामंजी, जमिनीत तर काही लावता येत नाही. तुमच्या शिंक्यात टोपली ठेवून त्यात रोपं लावली आणि पडवीच्या वाशांना टांगली तर?"

धाकूबाबांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांनी चोवीस शिंकी वळून दिली.

सगुणाने खालून माती आणली, शेणखत मिसळलं, टोपल्या भरल्या. पडवीभर गुलाब आणि मोगरा डोलू लागला. गावच्या बायका बघायला आल्या. सगुणाला फार बरं वाटलं.

आठव्या दिवशी वारा सुटला. टांगलेल्या टोपल्या वाऱ्यात गरगर फिरल्या, आणि दोन दिवसांत सगळी पानं कडांनी करपली. पंधरवड्यात चोवीसच्या चोवीस रोपं वाळली.

बापाने दुसरी गाडी पाठवली. या वेळी सगुणाने रोपं आडोशाला टांगली. वारा चुकला, पण त्यातलं मीठ चुकलं नाही. तिसऱ्या खेपेला तिने ठरवलं की पाणी कमी पडू द्यायचं नाही. सडेवाडीत पाणी घाटाखालच्या झऱ्यावरून डोक्यावर आणावं लागायचं. ती दिवसाला चार खेपा जास्त करू लागली. टांगलेल्या टोपलीचं मात्र असं की चारही बाजूंनी वारा लागतो, आणि सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं. चैत्र संपला तेव्हा पडवीत वाळक्या काड्यांनी भरलेल्या चोवीस टोपल्या लटकत होत्या आणि सगुणाचे खांदे सुजले होते.

त्या दिवशी तिचा तोल गेला. शेवटची टोपली अंगणात उपडी करत ती म्हणाली, "या गावात काही म्हणजे काही जगत नाही!"

धाकूबाबांचे हात थांबले. त्यांनी सुनेकडे पाहिलं. रागावले नव्हते, पण आवाज ताठ होता.

"आम्ही जगलो ना, सूनबाई," ते म्हणाले. "सात पिढ्या जगलो. आम्ही कसे जगलो, ते बघितलंस का कधी?"

सगुणाने उपडी टोपली उचलून ठेवली. पण ते बोलणं तिच्या मनातून जाईना. तिच्या लक्षात आलं की गेले पाच महिने ती आगरातलीच बाग कातळावर ओढून आणत होती. कातळाकडे तिने डोळे उघडून एकदाही पाहिलं नव्हतं.

पावसाळा आला. कातळावर सगळीकडे हिरवळ फुटली. शेजारीण म्हणाली, "अगं, आता उचल यातली रोपं आणि लाव."

"आत्ता नको," सगुणा म्हणाली. "पावसात दगडालाही हिरवं फुटतं. फाल्गुनापर्यंत जे टिकेल तेच आपलं."

ती थांबली. दसरा गेला, दिवाळी गेली. गवत पिवळं पडलं, मग उडून गेलं. फाल्गुनात ती टोपली घेऊन बाहेर पडली आणि कातळाच्या फटीफटीत वाकून पाहू लागली. उघड्या माळावर जीव धरून राहिलेलं फारच थोडं होतं, पण होतं. एका भेगेत जाड रसरशीत पानांची घोळ पसरली होती. वाऱ्याच्या तोंडावर, दगडाला अंग चिकटवून, विष्णुक्रांता निळी फुलं उघडून बसली होती. पडक्या भिंतीत सदाफुली होती, तिला तर कुणी मातीही दिली नव्हती. देवळामागे पानओवा होता, हात लावला की ओव्याचा वास यायचा.

सगुणाने प्रत्येकाची थोडी थोडी रोपं घेतली, पण लगेच पडवीत लावली नाहीत. घराच्या कोपऱ्यावर, जिथे वारा सगळ्यात जोरात आदळायचा, तिथे तिने एकेक शिंकं टांगलं आणि आठ दिवस पाणी तोडलं. नवव्या दिवशी जे ताजं दिसलं तेच ठेवलं. बाकीचं कातळाला परत दिलं. टोपलीच्या आत तिने काथ्यासाठी खालून येणारी नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, रचली. सोडण ओल धरून ठेवतं, आणि पावसात जास्तीचं पाणी त्यातून निथळूनही जातं. रोपं बुटकी असल्यामुळे टोपल्या वाऱ्यात गरगरेनाशा झाल्या.

त्या वैशाखात पडवीत पहिल्यांदा काही वाळलं नाही. पावसाळ्यात काही कुजलं नाही. पुढचं वर्षही तसंच गेलं. दिसायला ती बाग साधीच होती. गुलाबासारखं फूल नाही, मोगऱ्यासारखा वास नाही. पण टोपल्यांच्या कडांवरून हिरव्या वेली हातभर खाली उतरल्या होत्या, आणि त्यांत निळे, पिवळे, गुलाबी ठिपके होते. शेजारच्या बायका फांद्या मागून नेऊ लागल्या. आणखी सहा घरांच्या पडव्या हिरव्या झाल्या.

अशात एके दिवशी गावात दवंडी पिटली गेली.

"ऐका हो ऐका! सडेवाडीच्या कातळावर एक रोपटंही जगत नाही, असं राणीसरकारांच्या कानावर आलं आहे. जिथे रोपटं जगत नाही तिथे रयतेने हाल काढत राहू नये, अशी सरकारांची इच्छा आहे. येत्या वैशाखात राणीसरकार स्वतः येऊन पाहतील. गाव राहण्याजोगं नाही असं दिसलं, तर वस्ती उठवून खाली आगरात नेली जाईल हो!"

गाव सुन्न झालं. राणी वाईट नव्हती, तिला भलंच करायचं होतं. पण सडेवाडी उठली तर काथ्या कुठे वाळवायचा? दिवा कोण लावणार? देवळासमोर बैठक बसली. म्हाताऱ्या बायकांच्या डोळ्यांना पाणी आलं.

गावचा पाटील मोठा हुशार माणूस होता. तो म्हणाला, "रडू नका. राणीसरकार येणार, घटकाभर थांबणार आणि जाणार. आपण खालून रावजी माळ्याकडून फुललेली रोपं आणू. वेशीवर शंभर टोपल्या टांगू. गुलाब, मोगरा, अबोली. सरकारांना वाटेल, केवढी ही बाग! दवंडी खोटी पडली, काम झालं."

लोकांनी माना डोलावल्या. तेवढ्यात बायकांमधून सगुणा उठून उभी राहिली. सुनेने बैठकीत बोलायची रीत नव्हती, पण धाकूबाबांनी तिच्याकडे पाहून डोळ्यांनीच हो म्हटलं.

"पाटीलबुवा," ती म्हणाली, "इथे रोपटं जगत नाही, असं सरकार म्हणतात. आपण खालची रोपं आणून टांगली, तर आपणही तेच म्हटल्यासारखं होईल. आपल्याकडे जगलेली झाडं आहेत. सात घरांत आहेत. तीच वेशीवर टांगू."

पाटील हसला. "ती झाडं? ते तर रानातलं तण, सूनबाई. राणीसरकारांना तण दाखवायचं? उलट तुमच्या सातही पडव्यांतलं ते उतरवून ठेवा. नजरेला पडायला नको."

"माझ्या पडवीतलं मी उतरवणार नाही," सगुणा म्हणाली.

पण बाकीच्या सहा जणी घाबरल्या. त्यांनी आपापली शिंकी काढली आणि परसदारी भिंतीला अडकवून ठेवली.

वैशाख आला. रावजी माळी स्वतः चार गाड्या घेऊन घाट चढून आला. शंभर टोपल्या वेशीवर चढल्या आणि काळ्या कातळावर जणू लग्नाचा मांडव उभा राहिला. रावजी कमरेवर हात ठेवून आपलं काम पाहत होता. लेकीच्या घरी आल्यावर त्याने पडवीतली शिंकी पाहिली आणि त्याचा चेहरा पडला.

"पोरी, माझ्या हाताखाली शिकलीस, आणि हे लावलंस?"

"आबा, हेच इथे जगतं."

"लोक काय म्हणतील? रावजीची लेक घोळ लावते!"

सगुणाला ते लागलं. पण ती एवढंच म्हणाली, "हातपाय धुऊन घ्या. भाकरी वाढते."

दुसऱ्या दिवशी सकाळी राणी आली. पन्नाशीची बाई, साधं नेसलेली, नजर मात्र धारदार. वेशीशी येऊन ती थबकली. "वा! ही झाडं इथलीच का हो, पाटील?"

"इथलीच, सरकार," पाटील हात जोडून म्हणाला.

रावजी बाजूलाच उभा होता. त्याने मान खाली घातली.

"मग तर नीट बघायला हवं," राणी म्हणाली. "घटकाभरात काय कळणार? मी इथे तीन दिवस राहीन."

पाटलाच्या तोंडचं पाणी पळालं.

पहिला दिवस कसाबसा गेला. राणी घरोघर फिरली, काथ्या वळताना पाहिलं, कड्यावर जाऊन दिवाही पाहिला. सगुणाच्या पडवीसमोर ती जरा थांबली आणि पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून वारा सुटला. दुपारपर्यंत वेशीवरच्या गुलाबांच्या पाकळ्या रस्त्यावर लोळू लागल्या. मोगऱ्याची पानं वळून काळी पडली. पाटील घामाघूम होऊन घरोघर धावला. "असेल नसेल तेवढं पाणी वेशीवर आणा! प्यायचंही आणा! गाव वाचवायचं आहे!"

बायकांनी हंडे उचलले. घाटाखालच्या झऱ्यावर खेपांवर खेपा झाल्या. शंभर टोपल्या पाणी पीत होत्या आणि वारा ते तिथल्या तिथे उडवून नेत होता. धाकूबाबांच्या घरातही त्या संध्याकाळी एकच तांब्या उरला. सगुणाने तो सासऱ्यांना आणि बापाला दिला. शिंक्यांना त्या दिवशी थेंबही मिळाला नाही.

रावजी वेशीवर आपल्या रोपांजवळ बसून होता. प्रत्येक टोपलीपाशी जायचा, पान हातात घ्यायचा, सोडायचा. सगुणा त्याला जेवायला बोलवायला गेली तेव्हा तो म्हणाला, "मी यांना लहानाचं मोठं केलं, सगुणे. आणि मीच इथे मरायला आणलं."

तिला त्याचा राग आला नाही. ती त्याच्याजवळ बसली. "माझीही मेली होती, आबा. तीनदा. तेव्हा मीही असंच म्हटलं होतं."

"मग तुला कुणी शिकवलं?"

"माझ्या सासऱ्यांनी एक प्रश्न विचारला. बाकीचं या कातळाने शिकवलं."

रावजीने हातातलं वाळकं पान खाली ठेवलं. मग उठून तिच्याबरोबर घरी आला. पडवीत शिरताना या वेळी तो एका शिंक्यापाशी थांबला. टोपली खाली घेतली, माती चिमटीत धरली, सोडण दाबून पाहिलं, पान मोडून त्यातला रस बघितला. जन्मभर माळीकाम केलेला माणूस होता तो. त्याला सांगावं लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वेस उघडी पडली. शंभर टोपल्यांत शंभर काड्या होत्या. बायका आपापल्या दारात येऊन त्या काड्यांकडे पाहत राहिल्या. मग त्या सहा जणींपैकी एक म्हातारी परसदारी गेली. तिने भिंतीवरचं शिंकं काढलं, पुढच्या पडवीत आणून वाशाला टांगलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिला पाहून दुसरी गेली, मग तिसरी. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. राणी न्याहारी करून बाहेर आली तेव्हा देवळापासून कड्यापर्यंतची, त्या सात घरांची सगळी आळी हिरवी झाली होती. निळी विष्णुक्रांता नुकती उमलली होती. उन्हं चढली तसे घोळीचे पिवळे ठिपके उघडू लागले.

राणी त्या म्हातारीच्या पडवीत गेली. तिने पान हातात घेतलं. ते थंड आणि भरलेलं होतं.

"आजी, याला पाणी कधी घातलंत?"

"दोन दिवस थेंब नाही, सरकार," म्हातारी म्हणाली. "पाणी सगळं वेशीला गेलं."

"आणि काल-परवा हे कुठे होतं?"

म्हातारी घुटमळली. तिने पाटलाकडे पाहिलं. राणीनेही पाटलाकडे पाहिलं. तिचा आवाज चढला नाही.

"पाटील, वेशीवरची झाडं इथलीच, असं तुम्ही मला सांगितलं होतं."

पाटलाने हात जोडले. गावकरी खाली बघू लागले. राणीशी खोटं बोललेल्या गावाचं आता काय होणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

तेव्हा गर्दीतून रावजी माळी पुढे आला. डोक्यावरचं पागोटं त्याने नीट केलं.

"सरकार, वेशीवरची झाडं माझी. आगरातली. वाड्यावर मोगरा पाठवतो तो रावजी माळी मीच. पहिल्या दिवशी मी इथे उभा होतो आणि गप्प बसलो, म्हणून पाटलांइतकाच दोष माझाही. माझी झाडं इथे हरली. आणि ही जी पडव्यांत दिसताहेत, ती जिंकलेली झाडं माझ्या लेकीने निवडली आहेत. तिला मी तीन दिवसांपूर्वीच नावं ठेवली. आज या सगळ्या गावासमोर सांगतो, मला जे चाळीस वर्षांत सुचलं नाही, ते हिने या खडकावर करून दाखवलं."

सगुणाने बापाला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तिची मान ताठ राहिली. दारात उभ्या असलेल्या धाकूबाबांचीही.

राणीने तिला पुढे बोलावलं. "ही झाडं तू कशी निवडलीस, मुली?"

"सरकार, मी आधी मला आवडतात ती लावली होती. ती मेली. मग या जागेला कोण आवडतं, ते पाहिलं. फाल्गुनाच्या उन्हात, वाऱ्याच्या तोंडावर, पाण्यावाचून जे उभं होतं ते घेतलं. त्यांची मला फारशी निगा राखावी लागत नाही. ती या गावासारखीच आहेत. कुणी लावली नव्हती, तरी होती."

राणीने त्या हिरव्या आळीवर नजर फिरवली. मग म्हणाली, "इथे रोपटं जगत नाही, असं मला ज्यांनी सांगितलं ते इथे गुलाब शोधायला आले असतील. मीही तेच शोधत आले होते. सडेवाडी उठणार नाही. दिवा लावणारी माणसं जिथे आहेत तिथेच राहतील. आणि झऱ्यापासून वरपर्यंत पायऱ्या मी बांधून देईन, म्हणजे पाण्याची चढण तरी सोपी होईल."

आळीत एकच गलका झाला. म्हाताऱ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. राणी पाटलाकडे वळली. "आणि तुम्ही, पाटील! या बायकांचं प्यायचं पाणी तुम्ही काड्यांना पाजलंत. पायऱ्या होईपर्यंत या सातही घरांचं पाणी तुमच्या कावडीने येईल. तुमच्या स्वतःच्या खांद्यावर."

पाटलाने खाली मान घालून हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो खरंच कावड घेऊन निघाला, आणि दोन खेपांतच त्याला कळलं की कातळावर एक हंडा पाणी म्हणजे काय असतं.

निघताना राणी रावजीला म्हणाली, "माळीबुवा, माझ्या वाड्याच्या गच्चीवर तुमची टांगलेली झाडं दर उन्हाळ्यात जळतात. तिथे या वर्षी काय लावाल?"

रावजी म्हणाला, "ते आता माझ्या लेकीला विचारावं, सरकार."

सगळ्यांना वाटलं, सगुणा आपल्याच शिंक्यांकडे बोट दाखवेल. पण ती म्हणाली, "आत्ताच कसं सांगू, सरकार? आधी मला गच्ची बघू दे. ऊन किती वेळ असतं, वारा कुठून येतो, पाणी वर कोण नेतं, आणि भिंतीच्या फटीत आपणहून काय उगवलं आहे, ते बघते. मग सांगेन."

राणी मनापासून हसली. "चल तर माझ्याबरोबर."

त्याच दिवशी सगुणा घाट उतरली. पुढे राणीचा मेणा होता, मागे ती चालत होती, आणि तिच्या मागे रिकाम्या शिंक्यांची टोपली डोक्यावर घेऊन रावजी. आगराच्या वाटेवर ओळखीचे लोक भेटले. पंचक्रोशीतला मोठा माळी टोपली वाहताना पाहून त्यांना नवल वाटलं.

"रावजी, आज हे काय? कुठे निघालात?"

रावजीने टोपली सावरली आणि सगळ्या वाटेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "वाड्यावर! राणीसरकारांनी माळणीला बोलावलंय. माळीण ती पुढे चालली आहे ती. मी तिचं सामान धरणारा."

तात्पर्य काढायचंच तर एवढं: आपल्या आवडीचं झाड जागेवर लादू नये, त्या जागेवर तग धरणारं झाड शोधावं. आणि आपल्या मातीत जे टिकलं आहे ते साधं असलं, तरी ते लपवू नये. मान वर करून दारात टांगावं.